एकाच खोडावरचे दोन संसार

आंब्याच्या खोडाला भोक पडून भुसा गळू लागला की मराठवाड्यातला बागायतदार तार घेऊन धावतो. त्याच खोडावर मातीचा पापुद्रा चढलेला दिसला, तरी तो तितक्याच घाईने खरवडायला लागतो. दोन्ही कीटक लाकूड खाणारे, म्हणून दोघांना एकच शिक्षा. हा न्याय बरोबर नाही.

भोक पाडते ती भिरुड, म्हणजे बॅटोसेरा या भुंगेऱ्याची अळी. भुंगेरा पाच सेंटिमीटरपर्यंत भरतो, मिशा अंगापेक्षा लांब. चिमटीत धरला तर करकरतो. पण त्याच्या आयुष्याचा मोठा भाग आधीच सरलेला असतो. मादी साल कुरतडून एकेक अंडे घालते आणि निघून जाते. पुढे अळी एकटीच, महिनोन्‌महिने, अंधारात खोड पोखरत राहते. लाकडात नत्र फार थोडे. इतक्या निकस अन्नावर बोटाएवढे अंग धरायचे तर सतत खाण्यावाचून इलाज नाही. त्यात जिवंत झाडाच्या रसवाहिन्या तुटतात, फांदी वाळते, कधी अख्खे झाड जाते.

वाळवीने हाच प्रश्न मिळून सोडवला.

ओडोंटोटर्मिस वाळवीचे कामकरी कुरतडलेले लाकूड वारुळात नेतात, त्यावर बुरशी वाढवतात आणि तिने मऊ केलेले अन्न सगळ्यांना पुरवतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी याच शेतीतली. नखाने पापुद्रा उकलला की आत फिकट, आंधळे कामकरी सैरावैरा धावतात, मोठ्या जबड्यांचे सैनिक भगदाडाशी येतात आणि ओल्या मातीचे कण पुन्हा रचले जाऊ लागतात. कोरड्या हवेत ही नाजूक अंगे टिकत नाहीत, छप्पर हवेच. दमट उष्ण जंगलांत नासुटिटर्मिसच्या कित्येक जाती थेट झाडावर घर बांधतात, लाकडाच्या आणि विष्ठेच्या लगद्याचे. त्यांचे सैनिक डोक्याच्या सोंडेतून चिकट द्रव फवारतात. मराठवाड्यातल्या ओडोंटोटर्मिसचे घर मात्र जमिनीत, झाड फक्त चरायला. मोठ्या झाडावर ती बहुतेक वाळलेली सालच खाते. कोवळी कलमे तिच्यापासून जपायला हवीत, हे खरे. पण जुन्या आंब्याचा खरा वैरी भुंगेरा आहे.

रानात तर दोघांनाही वैरी म्हणता येत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांत पसरलेले गौताळा १९८६ साली अभयारण्य झाले. अशा पानझडी रानात उभे वाळलेले झाड सरपणासाठी नेले, तर सुतार पक्ष्याच्या अळ्या आणि अस्वलाची वाळवी एकाच मोळीत बांधून जातात.