मार्थेची मे महिन्याची सुट्टी

दहा आज्ञांतली तिसरी आज्ञा आम्ही कॅथलिक लहानपणीच तोंडपाठ करतो: प्रभूचा दिवस पवित्र पाळायचा. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात त्या दिवशी कामातून कोणाकोणाला मोकळीक द्यायची याची यादीच आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, गडी, मोलकरीण, गुरेढोरे, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. बायको त्या यादीत नाही. अभ्यासक सांगतात, ती गृहीतच धरली आहे. असेलही. पण एप्रिलमध्ये शाळा बंद झाल्या की घरोघर ती यादी अक्षरशः पाळली जाते. मुलांना सुट्टी, पाहुण्यांना सुट्टी, आईचे काम मात्र दुप्पट.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचे घर. माहेरची मराठी, सासरची कोंकणी, शेजारची कन्नड, तिन्ही भाषांत दिवसभर एकच वाक्य ऐकू येते: कंटाळा आला. हुबळीत नळाला पाणी रोज येत नाही. ते येते त्या पहाटे पिंप, कळशा, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. याच दिवसांत वर्षाची ब्याडगी मिरची घरात येते. गच्चीवर जुन्या साडीवर ती पसरायची, दुपारी उलटायची, मग बसून देठ खुडायचे. ब्याडगी रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य, तरी पाटीभर देठ खुडले की बोटे चुरचुरतात आणि ती चुकून डोळ्याला लागली की विचारू नका. संध्याकाळी मुलांना घेऊन बाजारात जायचे. गणवेशाचे कापड बघायचे, गिरमिट आणि मिरची भजी खायला घालायची, गर्दीत धाकटीचा हात सोडायचा नाही. मे हा मरियामातेचा महिना, म्हणून रात्री जेवणानंतर सगळ्यांनी बसून जपमाळ म्हणायची. तिसऱ्या दशकापर्यंत थोरला पेंगतो आणि माझ्या मनात डाळ भिजत घातली की नाही हे चाललेले असते.

ही प्रार्थना कमी प्रतीची आहे असे मला वाटत नाही. 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती कुटुंबाला घरातले चर्च म्हटले. आईबाप हेच मुलांना श्रद्धेची पहिली ओळख करून देणारे, असेही तिथेच सांगितले आहे. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच तो अर्धवट वापरला की राग येतो. आमच्या धर्मग्रामात मिस्साची तयारी कधी एकट्यावर पडत नाही. वाचणारे वेगळे, गाणारे वेगळे, वेदीवर मदत करणारी मुले वेगळी, फुले लावणारे वेगळे. घरातल्या चर्चमध्ये मात्र हे सगळे एकाच बाईने करायचे आणि तिने केले की त्याला त्याग म्हणायचे.

हे फक्त आमच्यातच चालते असे नाही. केंद्र सरकारने 2019 साली केलेल्या वेळवापराच्या पाहणीत घरातले बिनमोलाचे काम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी 299 मिनिटे त्यात जात होती, तर करणाऱ्या पुरुषांची 97. शिवाय हे काम करणाऱ्या बायका शंभरात 81, पुरुष फक्त 26. देवळात जाणारे, मशिदीत जाणारे, चर्चमध्ये जाणारे सगळे त्यात आले.

मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. मरिया येशूच्या पायाशी ऐकत बसते, मार्था स्वयंपाकात राबते आणि तक्रार करते. मार्था संसारात गुरफटली, मरियेने चांगला वाटा निवडला, असेच प्रवचन मी वर्षानुवर्षे ऐकत आले. पण तिची तक्रार नीट वाचा. काम करावे लागते असे ती म्हणत नाही. मला एकटीवर टाकले, असे ती म्हणते. येशू मरियेला उठवत नाही हे खरे, आणि ऐकण्याचा बाईचा हक्क त्याने राखला याचे मला मोलच आहे. तरी पानावरचा प्रश्न तसाच उरतो: मग जेवण कोणी वाढले? योहान आपल्या शुभवर्तमानात सांगतो की या बहिणींचा भाऊ लाझरस मेलेल्यांतून उठल्यावर त्यांच्या बेथानी गावात पुन्हा जेवण झाले. लाझरस पंगतीला बसला होता आणि वाढत होती मार्थाच. याच मार्थेने त्याआधी येशूला तोंडावर ख्रिस्त, देवाचा पुत्र म्हणून कबूल केले होते. पेत्राच्या कबुलीइतकीच ती मोठी कबुली, पण प्रवचनात तिची आठवण क्वचितच निघते.

2021 साली पोप फ्रान्सिस यांनी 29 जुलैचा स्मरणदिन एकट्या मार्थेचा न ठेवता मार्था, मरिया आणि लाझरस अशा तिघांचा केला. माझ्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. अख्खे घरच संत झाले, म्हणजे घरातले काम हे अख्ख्या घराचे झाले.

म्हणून सुट्टीत मुलांना कुठेतरी गुंतवून ठेवावे हा सल्ला मला मान्य नाही. शिबिरे चांगली आहेत, तिथे गाणी होतात, बायबलच्या गोष्टी होतात. पण सेवा शिकायची तर ताट उचलणे, पाणी भरणे, मिरचीचे देठ खुडणे यातूनच ती शिकता येते, आणि मुलग्यांना ते मुलींइतकेच शिकवायला हवे. धर्मग्रामाच्या उन्हाळी वर्गांत फादरांनी एक दिवस तरी मुलग्यांच्या हाती स्वयंपाकघर द्यावे, असे मी त्यांना सांगणार आहे. घरात आम्ही सुरुवात केली आहे. रविवारी मिस्साहून आल्यावर नवरा आणि थोरला मिळून भात टाकतात. भात कधी चिकट होतो, आमटीत मीठ जास्त पडते. धाकटी ताटे मांडते आणि मी तोवर बाहेरच्या खोलीत त्या आठवड्याचे शुभवर्तमान वाचत बसते. थोरला मधूनच येऊन विचारतो, डाळीला किती शिट्ट्या? तीन, म्हणून मी पुन्हा वाचायला लागते.