ताटाखालची नोट

1991 चा एप्रिल. नागपूरहून सेवाग्रामला मी एकटाच सायकलनं निघालो होतो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. बुटीबोरी मागे पडली, केळझर ओलांडलं आणि सेलूच्या अलीकडे बाभळीचा काटा मागच्या चाकात घुसला. भर दुपार. सायकल ढकलत रस्त्यालगतच्या एका घरापाशी गेलो आणि पाणी मागितलं.

म्हातारीनं आधी लोटा दिला, मग विचारलं, ‘‘कुठचा गा बाबू तू? जेवला का?’’

नाही म्हणेस्तोवर ज्वारीची भाकर, बेसन अन् कांदा पुढ्यात आला. तिचा नातू घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसला. आम्ही चौघं असतो तर ‘कुठं चालले?’ एवढंच विचारलं गेलं असतं. एकट्याला लोक ‘जेवला का?’ विचारतात.

निघताना पैसे काढले, तर म्हणाली, ‘‘पैसे कायचे? हाटेल आहे का हे?’’

मी शहरातला. फुकटचं पचेना. तिची नजर चुकवून दहाची नोट ताटाखाली सरकवली. पवनारपर्यंत अंग हलकं वाटत होतं. फिटलं एकदाचं!

तिसऱ्या दिवशी परतताना तिनंच हाक मारली. पदराची गाठ सोडून तीच नोट पुढे केली. ‘‘तुही नोट सांडली होती इथं. ठेवली जपून.’’

सांडली नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. मला ओशाळं वाटू नये म्हणून ती खोटं बोलली.

1962 साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोघे तरुण दिल्लीहून पायी जगाच्या शांतियात्रेला निघाले, तेव्हा पवनारच्या विनोबांनी त्यांना पैसे जवळ न ठेवण्याचा सल्ला दिला होता. पैसा असला की माणूस हॉटेलात उतरतो. नसला की कुणाचं तरी दार वाजवावं लागतं. मला हे आधी नुसतं त्यागाचं बोलणं वाटायचं. नोट परत हातात आली तेव्हा समजलं, की पैसे देऊन मी तिला सांगत होतो, ‘तुझा-माझा संबंध संपला.’

तरी एक प्रश्न उरतोच. ज्याच्या टोपलीत चारच भाकरी, त्यातली एक आपण खायची का? खाल्ली, तर फेडायची कुठं? तिच्या दारात नाही, आपल्या दारात, असं मी मनाशी ठरवलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नागपूरच्या अपार्टमेंटच्या फाटकाशी एक पोरगा आला. सायकलच्या कॅरियरला बोजा बांधलेला. वॉचमननं वर फोन केला, ‘‘एक पोट्टा पानी मांगून रायला साहेब.’’

‘‘खालीच बाटली दे त्याला,’’ मी म्हणालो.

पाणी मिळालं. तो गेला. जेवला का, हे त्याला कुणी विचारलं नाही.

ती दहाची नोट तर तेव्हाच, वाटेतल्या दुसऱ्या पंक्चरला खर्ची पडली. कर्ज मात्र तसंच आहे.