दुसऱ्याचें पुष्पक

मनुष्याच्या कित्येक इच्छा अशा असतात कीं, त्या पुऱ्या होणें शक्य नसतें तोंपर्यंत त्यांच्याविषयीं विचार करण्याचें कारणच पडत नाहीं. आकाशांतला चंद्र मागणाऱ्या मुलाला नीति शिकवावी लागत नाहीं. त्याची समजूत घातली म्हणजे पुरतें. खरा प्रश्न उद्भवतो तो चंद्र बाजारांत येतो, आणि तोही उतरत्या किमतीला मिळूं लागतो, तेव्हां. ताशीं 300 किलोमीटरांच्या घरांत धांवणाऱ्या ज्या विदेशी मोटारींना हल्लीं ‘सुपरकार’ म्हणतात, त्यांच्यासंबंधानें आपल्या समाजांतील एका वर्गाची स्थिति आज अशीच झाली आहे. नव्या गाडीची किंमत ऐकून जो हात जोडून परत फिरला असता, त्याला कांहीं वर्षें वापरलेली तीच गाडी पुष्कळ कमी दामांत घेतां येते. त्यामुळें ती घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न आतां केवळ कुबेरांचा राहिलेला नाहीं.

मला तो विचारला द्रोणागिरीच्या एका तरुणानें. हा एके काळचा माझा विद्यार्थी. पनवेलहून उरणकडे गेलें म्हणजे समुद्राच्या बाजूस द्रोणागिरीचा डोंगर दिसतो. लक्ष्मणासाठीं मारुति पर्वत घेऊन जात असतां त्याचा एक तुकडा येथें गळून पडला, अशी तिकडील आख्यायिका आहे. डोंगराच्या आसपास त्याच नांवाची वसाहत सिडकोनें वसविली असून ती अद्याप वाढत आहे. या मुलखांत पूर्वीं भातखाचरें आणि मिठागरें होतीं. 1970 सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जो लढा झाला, त्यांत जानेवारी 1984 मध्यें जासईच्या परिसरांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच लढ्यांतून पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकांस परत देण्याची योजना निघाली. 1989 सालीं न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झालें. 12 जानेवारी 2024 रोजीं शिवडीहून येणारा सागरी सेतु आणि उरणपर्यंतची रेल्वे हीं दोन्हीं एकाच दिवशीं खुलीं झालीं. आणि भूखंडांचे भाव चढले. माझ्या या विद्यार्थ्याच्या घरीं असाच एक भूखंड विकून रक्कम आली होती. तिच्यांतील त्याच्या वांट्यास आलेल्या पैशांतून एक जुनी सुपरकार घ्यावी, असें त्याच्या मनांत होतें. त्यानें विचारलें, “सर, यांत वाईट काय आहे?”

अशा प्रश्नाला सुशिक्षित माणसाच्या जिभेवर उत्तर तयार असतें. ‘उधळपट्टी’ हा एक शब्द उच्चारला कीं आपलें कर्तव्य संपलें, असें आपणांस वाटतें. परंतु हा शब्द आपण सर्वांस सारख्याच मोकळेपणानें लावतों काय? बँकेच्या तिजोरींत वर्षानुवर्षें पडून असलेलें सोनें आपण शहाणपणाचें समजतों. कुलूप घालून ठेवलेलें दुसरें घर ही गुंतवणूक ठरते. मुलीच्या लग्नांत दोन दिवसांत उडालेले लाखों रुपये हा लौकिक होतो. जुन्या पैशाच्या घरांतील मुलानें महाग मोटार घेतली तर ती त्याची हौस, आणि जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलानें घेतली तर तो माज, असा भेद आपल्या बोलण्यांत नकळत येतो. हा भेद नीतीचा नसून सवयीचा आहे. क्वचित् मत्सराचाही असेल. ज्याच्या बापाला आपल्याच जमिनीचा भाव मागण्यासाठीं रस्त्यावर उतरावें लागलें, त्याला काटकसरीचा उपदेश करण्यापूर्वीं आपला अधिकार तपासून पाहणें बरें.

शिवाय यंत्राविषयींची ओढ ही स्वभावतः हीन आहे, असेंही मला वाटत नाहीं. ज्या लॅम्बोर्गिनी गाडीचें नांव अशा तरुणांच्या तोंडीं असतें, तिचा जनक फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा इटलींतील एका शेतकऱ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानें प्रथम शेतीचे ट्रॅक्टर तयार केले आणि मग 1963 सालीं मोटारींचा कारखाना काढला. ज्या घडणींत शेंकडों कारागिरांची बुद्धि उतरली आहे, तिच्याकडे पाहून जीव हरखणें हें उत्तम वीणेकडे पाहून हरखण्याहून फार निराळें नाहीं. तेव्हां ‘इच्छाच वाईट’ असें म्हणून मला त्या तरुणाची वाट अडवितां येईना. ती इच्छा नेमकी कशाची आहे, एवढेंच पाहणें माझ्या हातीं होतें.

ती वेगाची आहे काय? तसें असेल तर हिशेब फार सोपा आहे. द्रोणागिरीच्या माणसाला जवळचा सर्वांत मोकळा रस्ता म्हणजे तो सागरी सेतु. त्याची लांबी 21.8 किलोमीटर आणि त्यावर मोटारींस मर्यादा ताशीं 100 किलोमीटरांची. साधी मोटारही या मर्यादेनें तो सुमारें तेरा मिनिटांत ओलांडते. सुपरकारनें कायदा मोडून ताशीं 300 च्या वेगानें धांव घेतली तर साडेचार मिनिटांच्या आंत पार होईल. म्हणजे कोट्यवधि रुपये आणि प्राण पणाला लावून वाचणार मिनिटें नऊदेखील नाहींत. सेतु उतरल्यावर तर बंदराच्या पेट्या वाहणारे लांबलचक ट्रेलर, गतिरोधक आणि पावसाळ्यांतले खड्डे यांतून त्या बुटक्या गाडीला बैलगाडीच्या बेतानेंच चालावें लागतें. तेव्हां विकत घेतला जातो तो वेग नव्हे; ‘मनांत आणलें तर मी वेगानें जाऊं शकेन’ ही जाणीव विकत घेतली जाते. न वापरलेल्या सामर्थ्याची जाणीव सुखद असते, हें खरें. परंतु ती जाणीव कधींतरी प्रत्यय मागते, आणि तो प्रत्यय सार्वजनिक रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवावर घेतला जातो.

पुण्याच्या कल्याणीनगरांत 19 मे 2024 च्या उत्तररात्रीं एका अल्पवयीन मुलाच्या हातीं असलेल्या भरधांव पोर्शे गाडीची धडक बसून दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्यु पावले. त्या मुलाला प्रथम जामीन देतांना अपघातांविषयीं 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यांत आली होती. निबंध तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला ही बातमी वाचून काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांस येईल. निबंधानें माणूस विचार करूं लागतो, यावर माझा विश्वास आहे. पण तो निबंध गाडीची किल्ली हातीं घेण्यापूर्वीं लिहिलेला असावा लागतो.

बरें, वेग नाहीं तर स्वस्ताई म्हणावी, तर तीही दिसते तशी नाहीं. जुन्या गाडीची किंमत उतरते, खर्च उतरत नाहीं. तिचे टायर, तिचे ब्रेक, तिचे सुटे भाग हे नव्या गाडीच्याच भावानें घ्यावे लागतात. फेरारी 360 या गाडीचें उदाहरण घ्या. तिच्या इंजिनांतील टायमिंगचे पट्टे गाडी चालो वा उभी राहो, ठराविक वर्षांनीं बदलावे लागतात. ते तुटले तर सबंध इंजिनावर संकट येतें. पहिला मालक गाडीचें नावीन्य उपभोगून मोकळा होतो आणि तिचें वार्धक्य दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. त्यांतच आणखी एक मोह असतो. महाराष्ट्राचा वाहनकर चुकविण्यासाठीं अशा कांहीं गाड्या परप्रांतांत नोंदविलेल्या असतात. कायद्याप्रमाणें बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी या राज्यांत ठेवावयाची तर तिची नोंद येथें करून येथला कर भरावा लागतो. ज्याला तो कर जड वाटतो, त्याला ती गाडीच जड आहे, एवढें त्यानें समजावें.

मग राहतो तो मान. आणि माझ्या मतें या इच्छेचें मूळ बहुधा तेथेंच असतें. याचें एक बोलकें उदाहरण आपल्याच मुंबईनें दाखविलें आहे. 2002 सालीं सचिन तेंडुलकर यांनीं ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हां त्यांस तांबड्या रंगाची फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. शर्यतींचा विश्वविजेता मायकेल शूमाकर याच्या हस्तें ती देण्यांत आली. ती भारतांत आणतांना सुमारें 1 कोटि 13 लक्ष रुपयांच्या आयातकराचा प्रश्न निघाला. सरकारनें माफी देऊं केली, तींवर टीका झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें आणि अखेर भेट देणाऱ्या कंपनीनें कर भरण्याचें पत्करलें. पुढें 2011 सालीं ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकानें विकत घेतली. गाडी गेल्यानें तेंडुलकरांचें कांहीं उणें झालें काय? मुळींच नाहीं. त्यांचा मान बॅटींत होता. गाडी त्या मानाच्या मागून आली आणि मान तेथेंच ठेवून गेली. मान आधीं आणि गाडी मागून, हा क्रम असेल तर गाडी निरुपद्रवी असते. गाडी आधीं घेऊन तिच्या मागून मान येईल म्हणून वाट पाहत बसणाराची मात्र फसगत होते. रस्त्यावरचे लोक वळून पाहतात ते गाडीकडे. आंत कोण बसलें आहे, हें कांचेंतून त्यांस दिसतही नाहीं.

एवढें सांगितल्यावरही माझा विद्यार्थी म्हणाला असता, “पैसा माझा, खर्च मला झेपतो, मी हळू चालवीन, मग?” याच ठिकाणीं या प्रश्नाचें खरें मर्म आहे. पैसा त्याचा आहे. पण तो कोणत्या जातीचा पैसा आहे? पगार पुढच्या महिन्यांत पुन्हा येतो, व्यापारांतील नफा पुढच्या वर्षीं पुन्हा होऊं शकतो. जमीन विकून आलेला पैसा एकदांच येतो. त्या जमिनीनें आजोबांस भात दिला, बापास भात दिला, आणि ती नसती गेली तर नातवासही दिला असता. अशा रकमेचा धारक हा तिचा मालक असतो, तसाच तो विश्वस्तही असतो. दरसाल पिकणारी वस्तु देऊन दरसाल झिजणारी वस्तु घेणें, हा व्यवहार कायद्यानें निर्दोष असला तरी त्याचा जाब विचारणारे अजून जन्मावयाचे आहेत, म्हणून तो निर्दोष होत नाहीं. आणखी एक विसंगति माझ्या मनांत सलते. त्या सागरी सेतूवर दुचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांस मज्जाव आहे. या मुलखांतील माणसाचीं हीं जुनीं वाहनें जेथें जाऊं शकत नाहींत, तेथें आपण ऐटींत जावें, असें एखाद्या तरुणास वाटलें तर तें मी समजूं शकतों. पण त्या प्रवेशासाठीं सबंध शेताचें मोल द्यावयाचें काय, हें त्याचें त्यानें ठरवावें.

आपल्या पुराणांत दुसऱ्या हातीं गेलेल्या एका अद्भुत वाहनाची कथा आहेच. विश्वकर्म्यानें घडविलेलें पुष्पक विमान ब्रह्मदेवाकडून कुबेरास मिळालें. रावणानें तें त्याच्याकडून हिरावून घेतलें, आणि आपल्या सामर्थ्याचें चिन्ह म्हणून मिरविलें. रावणवधानंतर त्याच विमानांतून राम अयोध्येस आला. त्याला चौदा वर्षांची मुदत गांठावयाची होती, भरत वाट पाहत होता. वेगाची गरज खरी होती. आणि अयोध्येस पोंचल्यावर रामानें विमान कुबेराकडे परत पाठविलें, असें वाल्मीकि युद्धकांडांत सांगतात. विमान तेंच, वेग तोच. रावणाला तें सोडवलें नाहीं. रामाला तें ठेवण्याची गरज वाटली नाहीं. ज्या वस्तूवांचून आपण पूर्वींइतकेच राहूं, तीच वस्तु निर्धास्तपणें बाळगावी.

म्हणून मी त्या तरुणास नाहीं म्हटलें नाहीं आणि होही म्हटलें नाहीं. एवढेंच सुचविलें कीं, भूखंडाच्या मूळ रकमेस हात न लावतां तिच्या उत्पन्नांतून, त्या गाडीचा विमा, देखभाल आणि दुरुस्ती यांस जो खर्च येईल तो एक वर्षभर दरमहा बाजूस काढून ठेवावा. वर्षाअखेर तो जड वाटला नाहीं, घरांतील वडील माणसांस तो सांगतांना मान खालीं घालावी लागली नाहीं, आणि गाडी कोणाच्याही दृष्टीस न पडतां आपल्या अंगणांत उभी राहील अशी कल्पना केल्यावरही ती हवीशी वाटली, तर ती त्यानें खुशाल घ्यावी, आणि बेतानें चालवावी. यांपैकीं एकही गोष्ट साधली नाहीं, तर त्याच्या हातीं निदान एक वर्षाची शिल्लक तरी राहील; आणि पुढच्या विचारास तेवढें भांडवल पुष्कळ आहे.