पीक, परवाना आणि हिंसा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 11 नुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या काही वन्यप्राण्यांच्या शिकारीची परवानगी देता येते. ती लेखी आणि कारणांसह असावी लागते. विदर्भात हा प्रश्न मुख्यतः रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा. डुकरांचा कळप भुईमुगात शिरला की खातो थोडे, उकरून नासतो जास्त. मचाणावर जागल करूनही पीक हाती लागेलच असे नाही.

परवान्याने गुन्हा टळतो. पाप टळते का?

जैन विचारात हिंसा चार प्रकारची: संकल्पी, आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी, विरोधी (स्वसंरक्षणात होणारी). गृहस्थाला पूर्ण वर्ज्य आहे ती संकल्पी, म्हणजे मारण्याच्याच हेतूने केलेली. नांगराखाली किडे मरतात ती उद्योगी. नेम धरून मारलेले डुक्कर मात्र या दोहोंच्या सीमेवर पडते. गांधींनी 1946 मध्ये ‘हरिजन’मध्ये माकडांच्या उपद्रवाविषयी लिहिताना, दुष्काळात अहिंसेच्या नावाखाली पिके खाऊ देणे हेच पाप ठरवले. ही भूमिका खरी शेतकऱ्याच्या बाजूची आहे. पण कुंपण आणि राखण आधी करून पाहिली असेल तरच ती टिकते. शिवाय जैन आणि योग या दोन्ही परंपरांत हिंसा स्वतः केलेली, करवलेली आणि अनुमोदिलेली अशी तिहेरी मानली आहे. त्यामुळे दोष एकट्या बंदूकधाऱ्याचा राहत नाही. परवाना देणारे शासन आणि ते धान्य निर्धास्त खाणारे शहरही त्यात येते.