टोक लागलं

एका रुग्णालयात एक जुन्या सिस्टर होत्या. त्यांच्या हाताखाली शिकायला एक नवी मुलगी आली.

एका रात्री वॉर्डातल्या आजींची लघवी तुंबली. ओटीपोट फुगून दगडासारखं झालं. डॉक्टरांनी कॅथेटर घालायला सांगितलं. सिस्टरांनी हात धुतले, निर्जंतुक ट्रे मांडला, हातमोजे चढवले. मुलगी पाकिटं फोडत होती आणि आतल्या वस्तूला हात न लावता ती ट्रेत सोडत होती.

सिस्टरांनी डाव्या हातानं जागा उघडी धरली. तो हात आता मळला. काम होईपर्यंत ट्रेकडे परत जायचा नव्हता. उरला फक्त उजवा. त्यांनी वरून खाली पुसलं, दर वेळी नवा बोळा घेऊन. मग कॅथेटर उचलला. तेवढ्यात आजी कळवळून हलल्या आणि त्याचं टोक त्यांच्या मांडीला पुसटसं लागलं.

सिस्टरांचं लक्ष आजींच्या चेहऱ्याकडे होतं. त्यांना ते दिसलं नाही. मुलीला दिसलं.

तिच्या घशाला कोरड पडली. सिस्टरांचे केस याच वॉर्डात पिकले होते. शिवाय कपाटात त्या मापाचा दुसरा कॅथेटर नव्हता, आणि आजी कण्हत होत्या.

“सिस्टर, टोक लागलं.”

सिस्टरांचा हात थांबला. “कुठं?”

“मांडीला. म्हणजे... लागल्यासारखं वाटलं.”

त्यांनी तो कॅथेटर टाकून दिला. वॉर्डातल्या मावशी दुसरा आणायला शेजारच्या वॉर्डात धावल्या. “एवढ्याशानं काय होतंय?” आजींची सून चिडली. “आजी, जरा कळ काढा,” एवढंच सिस्टर म्हणाल्या. पुन्हा हात धुणं, पुन्हा नवा ट्रे, नवे हातमोजे. अखेर पिशवीत धार लागली. “सुटले गं बाई,” आजी म्हणाल्या.

पहाटे मुलीनं विचारलं, “मला नुसता भास झाला असता तर?”

“तर एक कॅथेटर वाया गेला असता.”

जंतू दिसत नाहीत. ताप येतो तो दोन-चार दिवसांनी, आणि जंतू कुठल्या क्षणी आत शिरले हे तेव्हा कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ज्याला दिसलं त्यानं तिथंच बोलायचं असतं, आणि ऐकणाऱ्यानं वाद घालायचा नसतो. दुसरं पहिल्यापेक्षा अवघड.

सकाळी वही तपासताना मेट्रनबाई थबकल्या. “एका पेशंटला दोन कॅथेटर?”

“पहिला माझ्या हातून बाटला,” सिस्टर म्हणाल्या. “हिनं सांगितलं.”

मेट्रनबाईंनी सही केली आणि स्टोअरमधून त्या मापाचे आणखी मागवायला सांगितले.