ठोका आणि तेलाची नळी

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता १३९ : २३, २४

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने इ. स. १९०८ पासून १९२७ पर्यंत 'मॉडेल टी' नावाच्या सुमारे दीड कोटी मोटारी केल्या. त्यांतल्या पुष्कळ तिकडचे हौशी लोक अद्याप चालवितात. अशी एखादी म्हातारी गाडी चढणीवर ठकठक करू लागली, म्हणजे जाणता कारागीर काय करितो हे आम्ही आज सांगतो.

तो आधी हत्यार उचलीत नाही, ऐकतो. चार सिलिंडरांस ठिणगी देणाऱ्या चार कॉइली एका पेटीत असतात, व त्यांच्या पट्ट्या गुणगुणत असतात. एकेक पट्टी त्याने बोटाने दाबून धरिली की तेवढा सिलिंडर मुका होतो. पहिली पट्टी दाबताच ठोका मंदावला. तेव्हा दोष पुढच्याच दांड्यात आहे. खालचे झाकण काढून पाहतो, तो दांड्याच्या तोंडातील मऊ पांढरा धातु झिजलेला.

येथे मोह उभा राहतो. दांड्याची टोपी कानशीने जरा घासून आवळली की आवाज बंद! कोणी दाट तेल ओतूनही ठोका लपवितात, आणि गाडी विकून मोकळे होतात. (असे व्यापारी मोटारींच्याच धंद्यात असतात असे नाही.)

आमचा कारागीर आसावर निळा रंग पातळ फासतो, दांडा बसवितो, फिरवितो, पुन्हा काढितो. निळा डाग जेथे उठला तेथे धातु उंच, तेवढाच खरवडावयाचा. पुन्हा रंग, पुन्हा बसविणे, पुन्हा काढणे. अंगावर काळे तेल ठिबकते, दिवस मावळतो. आपण एकदा गुडघे टेकून 'झाले' म्हणून उठतो, त्यांनी हे नीट पाहावे.

इतके करूनही तो विचारितो, हाच दांडा का झिजला? या गाडीला तेलाचा पंप नाही. मागचे चाक तेल उडविते, व एक बारीक नळी ते पुढे नेते. चढणीवर तेल आपोआप मागे जाते, तेव्हा पुढच्या दांड्याला त्या नळीचाच काय तो आधार. त्याच तेलात गिअरच्या सुती पट्ट्या झिजत असतात. त्यांचे तंतू साचून नळीचे तोंड बुजते. ती तशीच ठेविली तर नवा बसविलेला धातुही जळावयाचा.

मंडळीत दोन घरांचे भांडण झाले की प्रचारकबंधु दोघांचे हात मिळवून देतात, आवाज थांबतो. पुढच्या पेरणीला तेच भांडण पुन्हा उठते. कोणे काळी उसने नेलेले चार पायल्या बियाणे परत केले नव्हते, मयताला कोणी आले नव्हते. त्याविषयी कोणी विचारिलेच नाही. एवढेसे तंतू!

कारागीर नळीत तार घालितो. काळा, तेलकट कापसाचा बोळा बाहेर येतो. तो हातावर घेऊन तो मालकाला दाखवितो, आणि मगच झाकण बसवावयास घेतो.