ऊसतोडीस निघणाऱ्यांची शिदोरी

(रूथ २:९)



पोटासाठीं परमुलखांत आलेली रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेंचूं लागली, तेव्हां त्यानें प्रथम दोन गोष्टी केल्या. कोणीं तिला त्रास देऊं नये अशी गड्यांस ताकीद दिली, आणि तहान लागल्यास त्यांनीं भरून ठेविलेल्या भांड्यांतलें पाणी पिण्यास तिला सांगितलें. जेवणाचें बोलावणें त्यानंतर आलें.

दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर वगैरे जिल्ह्यांतून आपले शेजारी ऊसतोडीस निघतात, तेव्हां आम्हांस हा प्रसंग आठवतो. नवराबायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, फडाशेजारीं खोप. आणि खाडा झाला कीं पैसे कापले जाण्याचें भय. म्हणून बाई आपलें दुखणें झांकून ठेविते. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांत सरकारी पाहणी झाली. सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. ह्या आपल्याच गांवच्या बहिणी. आम्हीं त्यांच्यासाठीं प्रार्थना केली, परंतु त्यांस काय दुखतें हें विचारिलें नाहीं, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे.

तर गाड्या निघण्यापूर्वीं मंडळींतील जाणत्या स्त्रियांनीं घरोघर जाऊन तीन गोष्टी सांगाव्या. पहिली, अंगावर पांढरें जाणें किंवा पाळीचा त्रास यांवर बहुधा औषधानें गुण येतो. कोणीं पिशवी काढावयास सांगितल्यास सरकारी रुग्णालयांत दुसऱ्या डॉक्टरचें मत घेतल्यावांचून होकार देऊं नये. दुसरी, माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या गांठोड्यांत न विसरतां बांधावें. तें दाखविल्यास कारखान्याजवळील सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतीची तपासणी होते, आणि लेंकराची राहिलेली लस विनामूल्य मिळते. तिसरी, लेंकरास जुलाब लागल्यास अंगावरचें दूध तोडूं नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावें. लेंकरूं मलूल झालें, किंवा शौचांतून रक्त पडलें, तर खाड्याची पर्वा न करितां दवाखाना गांठावा.

ही शिदोरी बांधून देण्यास पैसा लागत नाहीं. एक संध्याकाळ लागते. रूथेला तहान लागण्यापूर्वींच कोणी तरी तें भांडें भरून ठेविलें होतें. आपणही तसेंच करूं या. प्रभु आम्हां सर्वांस ती सुबुद्धि देवो. आमेन.